उसातले दोन गुंठे

"डोकं खाली घाल आणि तोंड झाक," अक्का म्हणाली. "पाती कापतात."

मी ओढणी तोंडाभोवती गुंडाळली आणि तिच्या मागोमाग उसात शिरले. भर दुपारचे बारा वाजले होते, पण आत चार सऱ्या ओलांडल्या की ऊन संपलं. ऊस दहा महिन्यांचा, माणसाच्या दुप्पट उंच. पायाखाली चिखल. चप्पल एकदा रुतली, दुसऱ्यांदा रुतली, तिसऱ्यांदा मी ती हातातच घेतली.

"अगं, मिरची लावलीस की पेरू? आणि उसाच्या पोटात कशाला लावलीस? जागा कमी पडली होय?"

"हळू बोल," अक्का म्हणाली.

माझी बहीण शेवंता माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आमच्या वडिलांची रोपांची नर्सरी होती, म्हणून पोरींची नावंसुद्धा त्यांनी वाफ्यातूनच उचलली. ती शेवंता, मी अबोली. वडील गेल्यावर नर्सरी मी चालवायला घेतली. अक्का लग्न होऊन खोलवडीला गेली, पाटाच्या पाण्यावर ऊस करणाऱ्या घरात. दोन दिवसांपूर्वी तिचा फोन आला होता. 'झाडं पिवळी पडलीत. मातीचं तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. एकदा बघून जा.' कसली झाडं, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बहीण बोलावते म्हटल्यावर विचारायचं काय? नवरा दिवसभर कामावर, म्हणून केतकीला, माझ्या अकरा वर्षांच्या पोरीला, शेजारी सोडलं आणि एसटीत बसले.

आधी वास आला. उग्र, डोक्यात चढणारा. मग ऊस एकदम संपला आणि दोन गुंठ्यांचा मोकळा चौकोन समोर आला. त्यात खांद्याएवढी झाडं ओळीनं उभी होती. गांजाचं ते पान मी हातात कधी धरलेलं नव्हतं, पण वर्तमानपत्रात दहा वेळा पाहिलं होतं. त्या फोटोत झाडांशेजारी नेहमी पोलीस उभे असतात.

खोटं नाही सांगत, मी चिखलातच खाली बसले.

"या, या!" खताच्या रिकाम्या पोत्यावर बसलेले दाजी उठले. "नाव अबोली आणि तोंड रेडिओसारखं. आज बरी बोलती बंद झाली!"

सर्जेराव दाजी म्हणजे माणूस वाईट नव्हे. दारू नाही, कुणाचं देणं नाही, घरात खायची ददात नाही. पण सरळ ऊस करून सरळ जगायचं म्हटलं की त्यांच्या अंगाला खाज सुटायची. आधी त्यांनी इमू पाळले. ते कुंपण मोडून पळाले आणि गावभर पोरांनी त्यांच्या शर्यती लावल्या. मग सफेद मुसळी झाली, मग कोरफड. या सगळ्याला कंटाळून त्यांच्या वडिलांनी मरायच्या आधी एक शहाणपणाचं काम केलं. तीन एकर रान पोराच्या नावावर न ठेवता सुनेच्या, म्हणजे अक्काच्या नावावर करून दिलं. पोरगा विकून खाईल, सून राखेल, असं म्हातारा म्हणायचा.

ते मला तिथं चिखलात बसल्या बसल्या आठवलं.

"दाजी, सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

"आँ? शेवंताच्या. का?"

"हे सापडलं तर आत कोण जाणार? तुम्ही नाही. अक्का जाणार. दहा-दहा वर्षं सुटत नाहीत लोक."

"सापडतंय कशाला? चारी बाजूंनी ऊस आहे. आणि आपलं एकदाच करायचंय. पाहुण्यांनी बी दिलं, पाहुणेच माल नेणार. आपण नुसतं पाणी घालायचं."

पाहुणे म्हणजे कोण, ते मला नंतर कळलं. त्या घरात त्या माणसाचं नाव कुणी घेत नव्हतं.

मी अक्काकडे पाहिलं. तिनं साडीचा ओचा वर खोचला होता, पोटऱ्या चिखलानं माखल्या होत्या. ती झाडांकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"तू काही बोलणार आहेस की नाही?" मी तिला म्हटलं.

"आधी माती बघ," ती म्हणाली. "त्यासाठी बोलावलंय."

माझा हात मातीत गेला तो सवयीनं. काळी, चिकट माती. मुठीत दाबली तर बोटांतून पाणी निथळलं. नाकाशी नेली तर कुजका वास, तुंबलेल्या मोरीसारखा. एका मरायला टेकलेल्या झाडाचं मूळ उकरलं. मूळ पांढरं हवं, ते काळपट होतं, आणि चिमटीत धरून ओढलं तर साल सुटून हातात आली.

रोग समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ऊस करणाऱ्या माणसाला एकच डॉक्टरी येते. पान पिवळं दिसलं की युरिया टाक आणि पाणी सोड. ऊस ते सगळं पितो आणि वर ढेकर देतो. त्यात आमच्याकडे पाटाचं पाणी पाळीनं मिळतं. दहा दिवसांतून एकदा आपली पाळी येते, आणि आलेली पाळी सोडणं म्हणजे पाप. नुसतं पाप नाही, संशयही. पाळी सोडली की पाटकरी, म्हणजे पाळ्या लावणारा सरकारी माणूस, बांधावर येऊन विचारतो की का रे बाबा, रानाला काय झालं? दाजींना तर तो बांधावरसुद्धा नको होता. म्हणून ते प्रत्येक पाळीला निमूटपणे सगळं रान भरून घ्यायचे, उसाबरोबर हे दोन गुंठेही. झाडं पिवळी पडली की आणखी पाणी, आणखी युरिया. झाडं बुडून मरत होती आणि हा माणूस त्यांना तहान लागली म्हणून पाजत होता.

"पुढची पाळी कधी आहे?" मी विचारलं.

"उद्या सकाळी दहाला," दाजी म्हणाले. "काय वाटतं? वाचतील?"

वाचली असती. चौकोनाभोवती गुडघाभर चर काढायचा, उसाचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, मातीला वाफसा येऊ द्यायचा, म्हणजे जादा ओल उतरून आत हवा खेळू द्यायची. निम्मी तरी उठली असती. सांगायला मी तोंड उघडलंही होतं. माझा धंदाच तो, मरतं झाड दिसलं की जीभ आपोआप सुटते.

"थांब," अक्का मध्येच म्हणाली. "चारला पाहुणे येणार आहेत. काय ते त्यांच्यासमोरच सांग. दोनदा कशाला?"

घरी येऊन जेवायला बसले. तीनची एसटी होती. उठावं आणि सरळ निघावं असं मनात चार वेळा आलं. पण माझ्यासमोर अक्का बसली होती. वाटीत कालवण वाढत होती, आणि मला दिसत होती ती व्हॅनच्या मागच्या जाळीत बसलेली. पोलिसांत सांगावं तर तीच जाणार. उपटून टाकावं तर पाहुणा सोडणार नाही. गप्प बसावं तर महिन्याभरात माल तयार होणार, मग तोडणार, वाळवणार, गाडी येणार, चार माणसं बघणार. आणि एकदा पिकलं की दाजी दुसऱ्यांदा लावणार. एकदाच म्हणणारा माणूस मी इमूपासून बघत आले होते.

झाडांनी आपण होऊन मरायला हवं होतं. कुणी न मारता. तसं मी भाकरीचा दुसरा तुकडा मोडताना ठरवलं.

चारला मोटारसायकलचा आवाज आला. मी कुणीतरी मस्तवाल, गळ्यात सोन्याच्या साखळ्या घातलेला माणूस धरून चालले होते. आला तो पन्नाशीचा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला, चप्पल उंबऱ्याबाहेर काढणारा माणूस. बिनसाखरेचा चहा मागितला. मला "नमस्कार ताई" म्हणाला. या माणसाला बँकेत कोणीही खुर्ची दिली असती.

"सर्जेराव, झाड आणलंय का?"

दाजींनी गोणपाटात गुंडाळून एक झाड मुळासकट आणलं होतं. पाहुण्यानं ते मांडीवर घेतलं. मूळ बोटांनी चोळून पाहिलं.

"ताई, हे काळं का पडलंय?"

"काळ्या मातीत वाढलेलं मूळ," मी म्हटलं, "काळंच असणार. गोरं कुठून यायचं?"

दाजी हसले. पाहुणा हसला नाही.

"आणि पानं माना टाकतात ती?"

"तहान. वरची माती ओली दिसते, खाली दगडासारखी कोरडी आहे. चिकण मातीचं असंच असतं, पाणी वरच्या वर राहतं. उद्या पाळी आहे ना? तुडुंब भरा. दिवसभर उभं राहू द्या पाणी."

बोलताना माझंच मला नवल वाटत होतं. आयुष्यभर गिऱ्हाइकांना ओरडून सांगत आले होते की अहो, झाडं तहानेनं कमी आणि तुमच्या मायेनं जास्त मरतात. आणि इथं मी एका माणसाला नेमकं उलटं सांगत होते, तेही त्याच्या डोळ्यांत बघून.

"मला एक जण म्हणाला," दाजी डोकं खाजवत म्हणाले, "पाणी जास्त झालं तरी असंच होतं म्हणून. भोवतीनं चर काढावा का?"

या माणसाला जन्मात एकदा अक्कल सुचायची होती, ती आजच.

"काढा की!" मी ओरडलेच. "चार गडी बोलवा, दोन सऱ्या ऊस तोडा, चर खणा आणि गावात पेढे वाटा. म्हणजे कुणाला कळायचं राहायला नको."

"गडी कशाला? आपणच दोघं..."

पाहुण्यानं दाजींच्या सुटलेल्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि तो विषय तिथंच संपला. मग त्यानं कप खाली ठेवला. बशीवर कप ठेवल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. मला मातीतलं कळत नाही. मला माणसं थोडीफार कळतात. तुम्ही घाबरलेल्या आहात."

"मग? अशा कामात काय हसायचं असतं?"

"ते खरं. पण घाबरलेलं माणूस खोटं बोलतं. तेव्हा एक करा." तो अजूनही तितक्याच मऊ आवाजात बोलत होता. "तुमच्या केतकीची शपथ घेऊन सांगा. पाणी दिलं की झाडं उठतील. एवढंच. मग मी उठतो."

केतकी. त्याच्या तोंडून माझ्या पोरीचं नाव आलं आणि माझ्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. याला नाव कसं माहीत? याला पोरगी आहे हे तरी कसं माहीत? मी दाजींकडे पाहिलं, ते जमिनीकडे बघत होते. मी अक्काकडे पाहिलं. ती दारात बसून सुपातले तांदूळ निवडत होती आणि तिचा हात थांबला नव्हता. एक खडा तिनं उचलून बाजूला टाकला. मग दुसरा.

तुम्ही म्हणाल, शपथेनं काय होतं? शब्दच तो. मीही दुसऱ्याला हेच सांगितलं असतं. पण आई झालेल्या बाईला विचारा. देवाची खोटी शपथ घ्या, चालेल, देव मोठा आहे, समजून घेतो. पोरीची नाही घेता येत. जीभ उचलत नाही.

मला केतकी दिसत होती. दोन वेण्या, मागच्या वर्षीचा आखूड झालेला गणवेश. आणि तिच्या शेजारी तांदूळ निवडणारी अक्का. अक्कानं मला लहानपणी कडेवर घेतलं होतं, माझी वेणी घातली होती, मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आईच्या आधी तिनं समजावलं होतं.

"केतकीच्या गळ्याची शपथ," मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच. "भरपूर पाणी द्या. उठतील."

पाहुणा उठला. चप्पल घातली. "चुकलं तर येईनच मी," तो म्हणाला. "नर्सरी बघायची आहे तुमची. चांगली आहे म्हणतात."

मोटारसायकलचा आवाज लांब गेल्यावर मी मोरीत जाऊन चुळा भरत राहिले.

दुसऱ्या दिवशी दहाला पाणी आलं. दाजींनी पोटात दुखतंय म्हणून अंथरूण धरलं, मोठा वाघ माणूस. दारं धरायला, म्हणजे फावड्यानं सरीची तोंडं फोडत आणि बुजवत पाणी फिरवायला, अक्का उतरली. तिच्या सोबतीला बांधावर मी उभी राहिले. पहाटेच निघायचं ठरवलं होतं, पण पाणी आत गेलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझा पाय निघेना.

अक्का घाई करत नव्हती. उसाच्या सऱ्यांना तिनं पाणी जेमतेम दाखवलं आणि सगळा लोंढा मधल्या चौकोनाकडे वळवला. पाणी उसात शिरताना खळखळ ऐकू यायचं, आणि नंतर नुसती बुडबुड.

अकराच्या सुमाराला पाटकरी आला. ढवळे त्याचं नाव, बोलघेवडा माणूस. सायकल बांधाला टेकवली.

"काय वहिनी, मालक कुठं? तुम्हाला दारं धरायला लावलंय?"

"त्यांचं पोट बिघडलंय," अक्का म्हणाली.

"हां हां. आणि या कोण? बहीण? नमस्कार. बरं, जरा आतलं एक कांडं मोडून घेतो हो. कडेचा ऊस उंदरांनी पार खाल्लाय." असं म्हणत त्यानं धोतर वर घेतलं आणि पहिल्या सरीत पाय टाकला.

अक्काचं फावडं पाण्यात तसंच राहिलं. तिच्या ओठांचा रंग उडाला. चौकोन तिथून पंचवीस पावलांवरही नव्हता, आणि वास तर त्याच्याही अलीकडे येत होता.

"अहो काका, थांबा!" मी किंचाळले. ते किंचाळणं खरं होतं, करावं लागलं नाही. "आत्ताच घोणस गेली तिथून! पाण्यानं बाहेर निघाली. एवढी मोठी!"

ढवळे जागच्या जागी उडाला. "कुठं?"

"तुमच्याच पायापाशी!"

दोन ढांगांत तो बांधावर. "बरं झालं सांगितलंत हो. घोणसच असणार. पाणी बिळात गेलं की ती निघतेच. माझ्या चुलत्याला चावली होती, बोट काढावं लागलं." मग तो चुलत्याची सगळी गोष्ट सांगत बसला. हवा फिरून तो वास बांधावर आला असता तर? चुलत्याचं बोट दवाखान्यात पोहोचलं, तिथं डॉक्टर नव्हता, मग दुसरा दवाखाना. मी हं हं करत होते आणि पाठीवरून घाम ओघळत होता. शेवटी कडेचंच एक उंदरानं खाल्लेलं कांडं घेऊन तो गेला.

अक्का पुन्हा वाकली. तीनच्या एसटीसाठी मी निघाले तेव्हाही ती पाण्यातच होती. "सांभाळून जा" एवढंच म्हणाली, आणि मान वर केली नाही.

घरी आले तर केतकी दारात गोट्या खेळत होती. मी तिला धरून इतकं दाबलं की ती ओरडली, "आई, हाडं मोडतील!" मी तिचं कपाळ बघितलं, गळा बघितला, हातपाय बघितले. नवऱ्याला काहीच सांगितलं नाही. सांगून काय करणार होता तो? आणखी एक माणूस जागा राहिला असता.

तिसऱ्या दिवशी केतकीला ताप आला.

साधा ताप असेल. वर्गात आणखी सहा पोरं आजारी होती. डॉक्टर म्हणाले, साथ आहे, चार दिवसांत उतरेल. पण मला कोण समजावणार? एकशे तीन ताप, पोरगी ग्लानीत, आणि मी तिच्या उशाशी बसून मनातल्या मनात म्हणत होते की माझी जीभ झडू दे, माझे डोळे जाऊ देत, हिला सोड. कुणाला म्हणत होते देव जाणे. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की मी खिडकीशी धावायचे. नर्सरीत पांढऱ्या शर्टातलं गिऱ्हाईक आलं की हातातलं रोप पडायचं. एका बिचाऱ्या हेडमास्तरांना तर मी कुंडी न देताच परत पाठवलं. पाचव्या दिवशी ताप उतरला. माझा मात्र गेला नाही.

बाराव्या दिवशी अक्काचा फोन आला.

"गेलं सगळं," ती म्हणाली. "एक झाड राहिलं नाही. कुजून आडवी झाली. काल उपटून खड्ड्यात घातली, वरून चुना टाकला."

"आणि पाहुणा?"

"आला होता परवा."

मी भिंतीला टेकले. "मग?"

"मुळं बघितली. माती बघितली. ह्यांच्या दोन कानाखाली वाजवल्या. म्हणाला, तुमची जमीनच खोटी, इथं हे पीक यायचंच नाही. पुन्हा तोंड दाखवू नका म्हणाला. गेला."

"माझ्याबद्दल काही...?"

"हे म्हणत होते की मेव्हणीनं फसवलं. तर तोच म्हणाला, नाही. बाईमाणूस पोटच्या पोरीची खोटी शपथ घेत नाही. तिला जे वाटलं ते तिनं सांगितलं. दोष मातीचा."

मी रडायला लागले. सुटल्याचं रडू. अक्का सुटली, मी सुटले, केतकी समोर बसून पेरू खात होती. रडता रडताच एक गोष्ट मला टोचली. बारा दिवस टोचत होती, पण भीतीपुढं तिला जागाच मिळाली नव्हती.

"अक्का, त्याला केतकीचं नाव कुणी सांगितलं गं?"

पलीकडून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दाजींनी?"

"मीच," अक्का म्हणाली.

"काय?"

"तू यायच्या आदल्या दिवशी आला होता तो. म्हणाला, तुमची बहीण खरं सांगेल कशावरून? मी म्हटलं, तिला तिच्या पोरीची शपथ घाला. केतकी नाव आहे. तिची खोटी शपथ ती मेली तरी घ्यायची नाही."

"म्हणजे तुला वाटत होतं मी खरं सांगेन?"

"अबोली," ती दमल्यासारखी म्हणाली, "बाबांच्या नर्सरीत तुझ्याआधी सात वर्षं मी पिशव्या भरल्यात. कुजलेलं मूळ मला दिसत नाही होय? दोन महिने दिसत होतं. पण मी बोलले तर ह्या घरात ऐकतंय कोण? आणि मी आपणहून बुडवलं असतं तर त्यानं मला सोडलं नसतं. झाडं मेल्यावरही ज्याच्यावर त्याचा विश्वास राहील, असं माणूस मला पाहिजे होतं. शपथेवर बसला त्याचा विश्वास."

"आणि मी घेतली नसती तर शपथ? खरंच सांगून टाकलं असतं, चर काढा म्हणून?"

"तू घेणार होतीस," अक्का म्हणाली. "माझ्यासाठी घेणार, हे मला माहीत होतं."

मी तिला शिवी दिली. आईवरून दिली, आई दोघींची एकच असून. आणि फोन आपटला. तीन महिने तिच्याशी बोलले नाही. संक्रांतीला तिचा तिळगूळ आला तो मी तसाच शेजारी देऊन टाकला.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. दाजी सरळ ऊस करतात, इलाज नाही म्हणून. सातबारा अजून अक्काच्याच नावावर आहे. केतकी पंचवीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते, धडधाकट आहे, आणि तिला यातलं अक्षरही माहीत नाही. आमचं बोलणं कसं सुरू झालं म्हणाल, तर अक्कानंच सुरू केलं. एका सकाळी सातला फोन आला. माफी नाही, काही नाही. एकच प्रश्न, "केतकी बरी आहे ना?" मी "बरी आहे" म्हटलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा तोच फोन. तिसऱ्या दिवशीही.

तो आजवर चुकलेला नाही. दाजींना त्याचं कारण माहीत नाही. ते मला हसत हसत सांगतात, की तुझा फोन लागून तू "बरी आहे" म्हणेपर्यंत ही बाई चहाचं पातेलं गॅसवर ठेवत नाही.